जुनी स्पोर्ट्स कार, १२,००० पौंड आणि वहिनींचा एक प्रश्न



सेकंडहँड मशीनवरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न सारखा येतोय. जुनी वस्तू घेऊन नीट करायची असेल तर बजेट काढायचं कसं? उत्तर एका गाडीच्या गोष्टीतून देतो. गाडी इंग्लंडमधली आहे, पण बजेटची चूक मी इथे सांगलीत, माझ्या हार्डवेअरच्या दुकानात बसून केली.

माझा मावसभाऊ बरीच वर्षं तिकडे नोकरी करतो. आमच्यासाठी तो दादा. त्याला लहानपणापासून उघड्या टपाच्या दोन सीटच्या गाडीचं वेड. पाच वर्षं पैसे बाजूला टाकून त्याने १२,००० पौंड जमवले आणि १९७२ ची एमजीबी रोडस्टर बघून ठेवली. एक पौंड म्हणजे शंभर रुपयांच्या वरच, म्हणजे रक्कम किती ते तुम्हीच धरा. मला फोन केला, "अरे, तू लोकांना बजेट शिकवतोस ना? मग माझंही काढून दे."

गाडीची निवड तशी शहाणपणाची होती. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनली. पाच लाखांच्या वर गाड्या निघाल्या. १७९८ सीसीचं साधं चार सिलिंडरचं इंजिन, कुठल्याही जुन्या मेकॅनिकला कळेल असं. पत्र्याचे भागसुद्धा आजही नवीन मिळतात. मी वेबसाइटवर भाव बघितले, एक्सेल उघडलं आणि अर्ध्या तासात शीट तयार केली.

माझी पहिली शीट

गाडी ३,५००
बॉडी आणि वेल्डिंग २,५००
रंग २,५००
इंजिन १,२००
ब्रेक, सस्पेन्शन, टायर १,०००
वायरिंग, सीट, टप ८००
राखीव ५००
एकूण १२,००० पौंड

बघा, बेरीज कशी तंतोतंत जुळली! बीबीएला अशा शीटला मार्क मिळाले असते. पण हा आकडा गाडीला काय लागतं यावरून आलाच नव्हता. दादाच्या खिशात किती आहेत ते बघून मी रकाने पाडले होते. धंद्याचं बजेट काढतानाही आपण हेच करतो. लोन दहा लाख मंजूर झालं की खर्चही बरोब्बर दहा लाखांचाच निघतो.

सिल उघडल्यावर

एमजीबीला वेगळी चासी नाही. बॉडीच सगळा भार उचलते. वर छप्पर नसल्यामुळे दाराखालून जाणाऱ्या जाड पट्ट्यांवर, म्हणजे सिलवर, गाडीचा बराचसा ताठपणा असतो. सिल आतून पोकळ असते आणि पाणी आत शिरलं की गंज आतूनच धरतो. बाहेरून रंग चकचकीत दिसतो.

गाडी घरी आली. वेल्डरने बाहेरचा पत्रा कापला तर आत जुना कुजलेला पत्रा तसाच! कुणीतरी पूर्वी गंजावरच नवीन पट्टी मारून, लांबी भरून, रंग दिला होता. आतला पडदाही गेलेला, फ्लोअरच्या कडाही गेलेल्या. वेल्डरने कोटेशन दिलं ते असं: ११० तास, ताशी ४५ पौंड, म्हणजे ४,९५०. पत्र्याचे भाग १,२५०, त्यावर २० टक्के व्हॅट, म्हणजे १,५००. एकूण ६,४५०.

माझ्या शीटमध्ये होते २,५००.

दोन गोष्टी मी धरल्याच नव्हत्या. पहिली म्हणजे व्हॅट. वेबसाइटवरचा भाव व्हॅटशिवायचा होता, मी तोच उचलला. दुसरी आणि मोठी गोष्ट म्हणजे तास. सिल नुसती कापून चालत नाही. आधी दाराच्या पोकळीत आडवा लोखंडी बार जोडून बॉडी धरून ठेवावी लागते, नाहीतर मधून वाकते आणि नंतर दार बसत नाही. प्रत्येक थर काढा, मापं घ्या, दार लावून बघा, परत काढा. पार्ट स्वस्त आहे म्हणजे काम स्वस्त आहे, असं मी धरून चाललो होतो. पार्ट १,५०० चे होते आणि मजुरी त्याच्या तिपटीहून जास्त.

वर दादाने उत्साहात ७०० पौंडांचे सीट कव्हर आणि कार्पेट आधीच घेऊन ठेवलेले.

त्या रात्री व्हिडिओ कॉलवर वहिनी बोलल्या. रागावल्या नव्हत्या, पण आवाज थकलेला होता. "भाऊजी, मला इंजिनमधलं काही कळत नाही. एवढंच सांगा, हा आकडा कुठे थांबतो?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या शीटमध्ये खर्चाचे सात रकाने होते, थांबायची जागा एकही नव्हती.

हे मी आधीही केलं होतं

दुकान घेतलं तेव्हा आधी काचेचं काउंटर आणि लाइटचा बोर्ड केला. मग माल लावायला फरशी उचकटली तर खाली सगळी ओल. फरशी, गिलावा, वायरिंग, सगळं नव्याने करावं लागलं. बायकोच्या पाटल्या गहाण ठेवल्या तेव्हा दुकान उघडलं. त्या सोडवायला दोन वर्षं लागली. एवढं होऊनही दादाच्या शीटमध्ये मी तीच चूक केली, कारण पैसे माझे नव्हते.

मग आम्ही काय केलं

हिशोब पुन्हा मांडला. गाडीचे ३,५०० आणि सीट-कार्पेटचे ७०० गेलेले. हातात ७,८००. तीन रस्ते होते. कापलेली गाडी मिळेल त्या भावाला विकायची, कर्ज काढायचं, किंवा काम कमी करायचं. कर्जाला वहिनींचा नकार होता आणि तो बरोबर होता. अशा गाडीत घातलेला पैसा विकताना सहसा पूर्ण परत येत नाही. ती हौस आहे, गुंतवणूक नाही.

म्हणून काम कमी केलं. इंजिनचं कॉम्प्रेशन तपासलं, ठीक निघालं, इंजिन खोललंच नाही. वेल्डिंगचे ६,४५०. ब्रेकचे होज, सिलिंडर, पॅड आणि चार टायर मिळून ८५०, कारण यात तडजोड नाही. नवीन पत्र्याला प्रायमर आणि जमेल तसा जुळता रंग, ३००. उरले २००. पूर्ण रंग, टप, इंजिन हे सगळं दोन वर्षांनी, नवीन साठलेल्या पैशांतून. ब्रिटनमध्ये ४० वर्षांपुढच्या गाडीत मोठे बदल केले नसतील तर एमओटीची तपासणी सक्तीची नाही. तरी मी म्हटलं, "दादा, करून घे. दुसऱ्याच्या डोळ्याने एकदा बघून होऊ दे." ५४.८५ पौंडांत ते झालं.

आता मी शीट अशी काढतो

खर्चाची यादी तशीच राहते, पण मध्ये तीन दारं घालतो. प्रत्येक दाराशी थांबायचं, आकडा नव्याने लिहायचा आणि पुढे जायचं की नाही ते घरच्यांसमोर ठरवायचं.

पहिलं दार, विकत घेण्याआधी. जाणकाराला १५० पौंड देऊन गाडी दाखवायची. सिलवर लोहचुंबक फिरवला की लांबी कुठे भरलीय ते कळतं. जॅकवर उचलल्यावर दाराची फट बदलली तर बॉडी कमजोर. त्याच महिन्यात चांगल्या सिलची चालू एमजीबी ७,५०० ला होती. आम्हाला ती महाग वाटली. आमची ३,५०० ची स्वस्त गाडी वेल्डिंग धरून ९,९५० ला पडली, तीही रंगाशिवाय.

दुसरं दार, उघडून बघितल्यावर. उघडण्यापुरतेच पैसे आधी काढायचे. तासांसकट लेखी कोटेशन हातात येईपर्यंत दिसणारी एकही वस्तू घ्यायची नाही. सीट कव्हर नाही, काचेचं काउंटर नाही, बोर्ड नाही.

तिसरं दार, रंगाच्या आधी. चालणं आणि थांबणं याचे पैसे वेगळे काढून ठेवायचे. गाडीत ते ब्रेक-टायर, दुकानात तीन महिन्यांचं भाडं आणि मालाची उधारी. ते बाजूला निघत नसतील तर रंग थांबवायचा.

राखीव? न उघडलेल्या जुन्या वस्तूला मी आता निदान ३० टक्के धरतो. १२,००० मध्ये ३,६०० राखीव, म्हणजे काम ८,४०० चंच ठरवायचं. त्यात बसत नसेल तर गाडी बदलायची किंवा काम कमी करायचं. राखीव कापून आकडा बसवायचा नाही.

तुम्ही जुनी पिठाची गिरणी घ्या, चालू हॉटेल घ्या किंवा भाड्याचा गाळा घ्या, हिशोब हाच. आज वहीत तीन ओळी लिहा: न उघडलेलं काय आहे, ते उघडून बघायला किती लागतील, आणि कोणत्या आकड्याला मी थांबणार. तिसरी ओळ घरात जो पैशांबद्दल प्रश्न विचारतो त्याला वाचून दाखवा.

दादाची गाडी या उन्हाळ्यात रस्त्यावर आली. दारापर्यंत लाल, दाराखाली थोडी वेगळी लाल. त्याने व्हिडिओ पाठवला. शेजारी वहिनी बसलेल्या, डोक्याला स्कार्फ. टप फाटका होता, पण पाऊस नव्हता.

भेटू पुढच्या व्हिडिओत.