दुकानातून येते ती अर्धीच स्टिक

कॅनडात आइस हॉकी खेळणाऱ्या अनेक घरांमध्ये तळघराचा किंवा गॅरेजचा एक कोपरा स्टिकांनी अडवलेला असतो. जवळच बारीक दात्यांची करवत, कानस, हीट गन, कापडी टेपची रिळं आणि मेणाची वडी पडलेली असते. नवी स्टिक आधी इथे येते आणि मग बर्फावर जाते. कारखाना जे देतो ते मधल्या मापाचं असतं. खेळाडूची उंची, त्याची वाकून उभं राहण्याची ढब, त्याचा फटका यांतलं कारखान्याला काहीच ठाऊक नसतं.

खडकी किंवा जालंधरची हॉकी पाहिलेल्यांना ही स्टिक वेगळीच वाटेल. मैदानी हॉकीत चेंडूला फक्त सपाट बाजूने मारायचं असतं. बर्फावर पात्याच्या दोन्ही बाजू चालतात. नोव्हा स्कोशियातले मिकमॉ कारागीर एकाच लाकडातून स्टिक कोरत, तेव्हापासून कितीतरी दशकं हे पातं जवळजवळ सरळच राहिलं. त्याला बाक आला तो खेळाडूंच्या हातून.

शिकागो ब्लॅक हॉक्सच्या स्टॅन मिकिटाची गोष्ट प्रसिद्ध आहे. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला सरावात त्याच्या स्टिकचं पातं तडकून वाकलं. दुसरी आणायला जिने चढायचे होते. वैतागून त्याने तीच पकवर, म्हणजे चेंडूच्या जागी असलेल्या रबरी चकतीवर, हाणली आणि पक वेगळ्याच तऱ्हेने सुटला. मग तो आणि त्याचा सहकारी बॉबी हल पाती गरम पाण्यात भिजवून दाराच्या फटीत अडकवू लागले. न्यू यॉर्क रेंजर्सचा अँडी बाथगेट मात्र आपण हे आधीपासून करत होतो असं सांगत असे. श्रेय कुणाचंही असो, कारखान्यांनी वाकडी पाती विकायला घेतली ती त्यानंतर.

नियम या घरगुती सुतारकीच्या मागून धावत आले. बाक जितका खोल तितका पक बेभरवशाचा, आणि तेव्हा बरेचसे गोलरक्षक मुखवट्याशिवाय उभे राहत. उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक लीग एनएचएलने आधी दीड इंच, मग एक इंच आणि 1970मध्ये अर्धा इंच अशी बाकाची मर्यादा आवळत नेली. 2006मध्ये ती पाऊण इंचावर आली. अर्ध्या इंचाच्या काळात लॉस एंजेलिस किंग्जच्या मार्टी मॅक्सॉर्लीला फाजील बाक फार महागात पडला. 1993च्या स्टॅन्ली कप अंतिम मालिकेतल्या दुसऱ्या सामन्यात किंग्ज 2-1 पुढे होते आणि जेमतेम पावणेदोन मिनिटं उरली होती. माँट्रियलचे प्रशिक्षक जाक देमेर यांनी त्याची स्टिक मोजायला लावली. ती बेकायदा निघाली. मॅक्सॉर्ली शिक्षेपायी बाहेर बसलेला असताना एरिक देजार्दँने बरोबरी साधली, जादा वेळेत त्यानेच विजयी गोल केला, आणि पुढे चषकही माँट्रियलने नेला.

लाकडी पातं वाकवण्यामागचं शास्त्र सोपं आहे. ओलावा आणि उष्णता मिळाली की लाकडातलं लिग्निन मऊ पडतं. पातं दोन्ही बाजूंनी सारखं तापवायचं, हवा त्यापेक्षा किंचित जास्त बाक द्यायचा, कारण लाकूड थोडं परत फिरतं, आणि थंड होईपर्यंत सोडायचं नाही. बाक टाचेशी, म्हणजे दांड्याजवळ, दिला तर लांब, जोरदार फटक्यांना सोयीचा. टोकाशी दिला तर पक चटकन उचलून गोलात टाकता येतो. मात्र पुढच्या बाजूने जे कमावलं ते उलट्या हाताच्या फटक्यात थोडंफार गमवावं लागतं.

कार्बन आला आणि ही कारागिरी थबकली. कार्बनचे तंतू बांधून ठेवणारं इपॉक्सी एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही. जास्त तापवलं तर थर सुटतात आणि स्टिक वाया जाते. त्यामुळे घरचं काम पात्यावरून दांड्यावर सरकलं. कार्बनच्या पात्याला घरी बाक देता येत नाही, पण दांडा कापता येतो.

कापण्यातही हिशेब आहे. अनवाणी उभं राहिल्यावर दांडा नाकापर्यंत आणि स्केट घातल्यावर हनुवटीपर्यंत यावा, असा ढोबळ दंडक आहे. पण लांबीबरोबर लवचीकपणाही बदलतो. दांड्यावर छापलेला फ्लेक्सचा आकडा म्हणजे तो एक इंच वाकवायला साधारण किती पाउंड जोर लागतो ते. सारख्या जाडीचा दांडा लांबीने 10 टक्के कमी केला, तर त्याचा ताठरपणा गणिताने एक तृतीयांशाहून जास्त वाढतो. जोरदार फटक्यात स्टिक पकच्या किंचित मागे बर्फावर आपटते, दांडा वाकतो आणि सरळ होताना साठलेला जोर पकला देतो. दांडा वाकलाच नाही तर सगळा भार खांद्यावर येतो. म्हणून मोठ्यांची स्टिक कापून लहान मुलाच्या हाती देणं ही खोटी काटकसर ठरते. कापण्याच्या खुणेवर टेप गुंडाळली की कडा चिरफळत नाहीत. कार्बनची धूळ घशाला आणि कातडीला त्रास देते, तेव्हा मास्क आणि हातमोजे हवेतच. फार कापलं गेलं तर पोकळ टोकात लाकडी जोड गरम गोंदाने बसवतात. तापवला की हा गोंद पुन्हा सुटतो.

पात्यावर गुंडाळलेल्या टेपची झीजही बोलकी असते. ती पात्याच्या टोकाशी जास्त झिजली तर दांडा आणि पात्यामधला कोन खेळाडूच्या उभं राहण्याशी जुळत नाही, बहुधा स्टिक आखूड आहे किंवा हा कोन जास्त मोठा आहे. टाचेशी झिजली तर उलट. वरून चोळलेलं मेण टेपला पाणी आणि बर्फाचा चुरा धरू देत नाही.

आज नामांकित खेळाडूंचे बाक साच्यातून तयार होऊन मिळतात. मिकिटाने दाराच्या फटीत जे केलं ते आता किमतीत धरलेलं असतं. पण उंची वाढते, सवयी बदलतात, टेप तर थोड्याच सामन्यांत विटते. कारखाना बाक विकू शकतो. खेळाडूशी स्टिक जुळवून ठेवण्याचं काम घरचंच राहतं, आणि ते दर मोसमात नव्याने करावं लागतं.