झिप डिस्कमध्ये अडकलेली पानं

इस्लामपुरात पेजमेकरवर लावलेली पानं फिल्म काढायला कोल्हापूरला न्यायची, तर फ्लॉपी पुरायची नाही. १.४४ एमबीत फोटोंची स्मरणिका मावणार कशी? फाइलचे तुकडे करून न्यायचे, आणि त्यातली एक फ्लॉपी तिथं वाचलीच नाही की खेप वाया. १९९५ साली आयोमेगा कंपनीचा झिप ड्राइव्ह आला आणि ही कटकट मिटली. निळी पेटी प्रिंटरच्या पोर्टला लावायची, तिच्या मागे प्रिंटर. एका डिस्कवर १०० एमबी, म्हणजे सत्तरेक फ्लॉप्या. पुढे सीडी स्वस्त झाल्या, पेनड्राइव्ह आले आणि झिप कपाटात गेला.

त्या डिस्कांवर सहकारी संस्थांचे अहवाल आहेत, दिवाळी अंक आहेत, गावातल्या लेखकांची पुस्तकं आहेत. छापील प्रत वाळवीने खाल्ली असेल, तर उरलेली प्रत एवढीच.

ड्राइव्ह मिळवणं त्या मानाने सोपं. यूएसबीचा झिप जुन्या बाजारात अजून सापडतो. प्रिंटर पोर्टचा असेल तर मात्र यूएसबीची प्रिंटर केबल लावून तो चालत नाही, खरा पोर्ट असलेला जुना पीसीच शोधावा लागतो. खरी पंचाईत फाइल उघडताना होते. तेव्हाची मराठी युनिकोडमध्ये नव्हती. श्रीलिपीची अक्षरमांडणी वेगळी, सीडॅकच्या फॉन्टची वेगळी. तो फॉन्ट नसला की मथळ्याच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. म्हणून जुनं विंडोज, तोच पेजमेकर आणि तोच फॉन्ट एकत्र लागतात. आजच्या कॉम्प्युटरवर हे तिघं व्हर्च्युअल मशीनमध्ये सुखाने नांदतात.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये यूएसबी झिप थेट जोडता येतो, पण तो मोह टाळावा. जुनं विंडोज डिस्कवर काही ना काही लिहून ठेवतं. आधी लिनक्सवर ‘डीडी’ने पूर्ण डिस्कची इमेज काढावी. १०० एमबीच्या डिस्कची इमेज बरोबर १०,०६,६३,२९६ बाइटची भरते; कमी भरली तर वाचन अर्धवट झालं. पीसीसाठी तयार झालेल्या झिपवर पार्टिशन पहिल्या नव्हे, चौथ्या जागी असतं. पहिलं शोधणाऱ्याला डिस्क कोरी वाटते, आणि अशा वेळी विंडोजने फॉरमॅट करू का विचारलं तर चुकूनही हो म्हणू नये. मूळ इमेज बाजूला ठेवून तिची प्रत व्हर्च्युअल मशीनला दुसरी हार्डडिस्क म्हणून जोडावी.

ड्राइव्ह टकटक वाजू लागला तर लगेच थांबावं. दुसरी डिस्क घालून बघू, हा विचार सर्वांत महाग पडतो. बिघडलेलं हेड डिस्कची कड फाडतं आणि फाटकी डिस्क पुढच्या चांगल्या ड्राइव्हचं हेड मोडते. डिस्क घालण्याआधी शटर सरकवून कड उजेडात बघावी.

पान उघडलं की लगेच पीडीएफ करावी, मग मजकूर युनिकोडमध्ये आणावा. रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं हमखास चुकतात, तेव्हा मुद्रितशोधन पुन्हा करावंच लागतं. ज्याने ते पान लावलं तो ऑपरेटर गावात असेल तर त्याला आत्ताच गाठावं. कोणत्या कामाला कुठला फॉन्ट वापरला, हे डिस्कच्या लेबलवर क्वचितच लिहिलेलं असतं.