पाचोळ्याचं दशक

आमच्या सोसायटीच्या फलकावर गेल्या महिन्यात सूचना लागली. गच्चीचं वॉटरप्रूफिंग होणार असल्याने सभासदांनी आपापल्या कुंड्या, टब आणि पोती हलवावीत. काम झाल्यावर फक्त ब्रँडेड, हलक्या, सेंद्रिय मिश्रणाच्या कुंड्यांना परवानगी राहील. कुंड्या हलक्या हव्यात, यावर वाद नाही. भिजलेली माती लिटरमागे दीड किलोच्या वरच भरते, म्हणजे बारा इंची कुंडी पाणी घातल्यावर वीस-पंचवीस किलोंची होते. अशा शंभर कुंड्या ओळीने मांडल्या तर कोणत्याही स्लॅबची काळजी वाटावी. झोंबली ती ब्रँडेडची अट. कारण गच्चीवर हलकी बाग कशी करायची, हे याच राज्यातल्या शहरांमध्ये वीसेक वर्षांपूर्वी लोकांनी शोधून काढलं होतं, आणि त्यासाठी कुणालाही एक रुपया मोजावा लागत नव्हता.

त्याआधीच्या काळाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. माळी यायचा. एक घमेलं लाल माती, एक घमेलं शेणखत, तळाला विटांचे तुकडे, वरून चमचाभर सुफला, गुलाबाला बोनमील. संपलं. तिकडे इंग्लंडमध्ये १९३०च्या दशकात जॉन इनिस संस्थेत लॉरेन्स आणि न्यूएल यांनी कुंडीच्या मातीचं रीतसर माप बसवलं होतं: सात भाग पोयटा, तीन भाग पीट, दोन भाग वाळू. आपल्याकडे पीट कुठलं? आपलं शेणखतच, तेही बहुतेक वेळा अर्धवट कुजलेलं आणि आत पांढऱ्या, वळलेल्या हुमणीच्या अळ्यांसकट. शेवंतीची मुळं रातोरात कुणी खाल्ली, याचा शोध लागेपर्यंत दिवाळी उलटायची.

त्या विटांच्या तुकड्यांवरून मी अनेक माळ्यांशी आणि फलोद्यानाच्या एका पदवीधराशी भांडले आहे. तळाला दोन-तीन इंच रोडा घातला की पाणी चांगलं वाहून जातं, ही समजूत चिवट आहे. प्रत्यक्षात बारीक मातीतलं पाणी, ती पुरती तुडुंब होईपर्यंत, खालच्या भरड थरात उतरतच नाही. म्हणजे कुंडीच्या तळाशी साचायची ती ओल आता विटांच्या वर साचते आणि मुळांना मिळणारी जागा तेवढी कमी होते. भोकावर एक खापरी ठेवा, पुरे. निचरा सुधारायचा तर सगळं मिश्रणच भुसभुशीत हवं, आणि काळ्या मातीत ते होत नाही. इमारतीच्या पायातून निघालेली फुकटची काळी माती पुण्यात कितीतरी कुंड्यांत गेली. वाळली की ती कडांपासून सुटते, घातलेलं पाणी त्या फटीतून थेट बशीत उतरतं आणि झाड मधल्या मध्ये तहानलेलं राहतं.

मग आलं २००२ ते २०१२ च्या आसपासचं दशक. मला खरं बोलायचंय ते त्याबद्दल.

मूळ विचार श्री. अ. दाभोळकरांचा. कोल्हापूरचे हे गणिताचे शिक्षक द्राक्षबागायतदारांमध्ये रमले, त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला आणि 'विपुलाच सृष्टी' लिहिलं. झाडाला सर्वात जास्त काय हवं? ऊन, हवा आणि पाणी. मातीतून ते घेतं ते थोडंच, आणि तेही सूक्ष्मजीवांनी हाताशी आणून दिलेलं. तेव्हा एकरांचा हिशोब सोडा, चौरस फुटांचा करा. २००१ साली दाभोळकर गेले आणि त्यानंतरच्या वर्षांत त्यांचं म्हणणं शहरातल्या गच्च्यांवर रुजलं. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी उसाच्या चिपाडांवर, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत आणि पिंपांत भाज्या-फळं घेत होते. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच खरकट्यावर बाग उभी केली. पुढे त्यातूनच 'अर्बन लीव्ह्ज'चं काम वाढलं. पुण्यात डॉ. आनंद कर्वे वेगळाच प्रश्न विचारत होते: मातीतल्या जिवाणूंना पूर्ण कुजलेलं, सत्त्व संपलेलं खत कशाला घालता? त्यांना ताजं, पिष्ट आणि साखर असलेलं काहीतरी द्या. यावरून बागवाल्यांत दोन तट पडले आणि एका कार्यशाळेत चहाच्या सुट्टीत झालेली खडाजंगी मला अजून आठवते.

त्या काळात फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळी लवकर प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांतून गेलात, तर स्कूटरच्या पायापाशी गोणी दाबून चाललेले साठीचे गृहस्थ हटकून दिसायचे. गोणीत पाचोळा. आम्हाला झाडं फुलांवरून नाही, पानं किती दिवसांत कुजतात यावरून ओळखू येऊ लागली होती. पर्जन्यवृक्षाची आणि गुलमोहराची बारीक पानं पावसाळा संपेस्तोवर काळी, मऊ होतात. आंब्याचं पान मेणचट; ते तुकडे करून टाकलं नाही तर वर्षभराने जसंच्या तसं हातात येतं. बदामाचं पान मोठं, एकावर एक बसून पत्र्यासारखा थर होतो आणि खाली हवा जात नाही. कोणत्या गल्लीत कोणतं झाड, कोणत्या बंगल्यातल्या मावशी झाडून ढीग करून ठेवतात आणि कुणाचा रखवालदार हाकलून देतो, ही सगळी माहिती फोनवरून फिरायची.

रसवंतीची चिपाडंही तशीच. नवनाथ असो वा कानिफनाथ, संध्याकाळी दुकान बंद करताना मालक ढीग उचलून न्यायला आनंदाने सांगायचा. पण चिपाडं थेट टबात भरली की दोन दिवसांत मुंग्यांची रांग आणि गच्चीभर ताडीच्या गुत्त्याचा वास. म्हणून ती आधी शेणकाल्यात भिजवायची, आठवडाभर मोकळी टाकायची, मग थर. ज्यांना घाई असायची त्यांची रोपं पिवळी पडायची. कारण अर्धकच्चा काष्ठमय पदार्थ कुजताना जिवाणू सगळा नत्र स्वतःच ओढून घेतात आणि झाडाला काही उरत नाही. कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण पंचवीस-तीसास एक असावं, हे वाक्य गृहिणींपासून निवृत्त कर्नलांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी होतं. वाळकी पानं कर्बाची, भाजीची देठं आणि शेण नत्राचं. ढीग मनासारखा जमला तर आत हात घालवत नाही इतका तापतो, पंचावन्न-साठ अंशांपर्यंत, आणि त्या उष्णतेत तणांचं बीही मरतं.

अमृतमातीचा विधी तर खास होता. किलोभर ताजं शेण, लिटरभर गोमूत्र, पन्नास ग्रॅम गूळ, दहा लिटर पाणी. तीन दिवस रोज ढवळायचं आणि मग दहापट पाण्यात मिसळायचं. त्यात पाचोळा भिजवून मुठीमुठीने माती पसरत फूटभर उंचीचा थर रचायचा, त्यावर नाना तऱ्हेच्या बिया पेरायच्या, एकविसाव्या, बेचाळिसाव्या आणि त्रेसष्टाव्या दिवशी कापून परत त्यातच घालायच्या. सगळं मिळून पाच महिन्यांच्या आसपास. हातात यायची ती काळीभोर, पावसाच्या पहिल्या सरीचा वास असलेली, वजनाला निम्मीशिम्मी वस्तू. वेळ लागायचा म्हणून तिची नासाडी कुणी करत नसे.

या दशकातले सगळेच साधुसंत होते असं मात्र समजू नका. काही शुद्धतावादी असे, की कुंडीत चिमूटभर माती दिसली तरी पाप झाल्यासारखा चेहरा करायचे. नुसता पाचोळा आणि खरकटं घातलेला टब पावसाळ्यानंतर निम्मा खचतो, मिरचीची मुळं उघडी पडतात आणि वाऱ्याने झाड आडवं होतं, हे डोळ्यांसमोर घडत असूनही त्यांचा हट्ट सुटला नाही. थोडी पोयटा माती हवीच. ती वजन देते, खनिजं देते, ओल धरते. दुसरा वर्ग एकराच्या मापाची कृती बाल्कनीत उतरवणाऱ्यांचा. दोनशे लिटर जीवामृताचा हिशोब दोन कुंड्यांसाठी भागून घेण्याचे कष्टही न घेता ओतत राहायचे आणि खालच्या मजल्यावरून तक्रार आली की शेजाऱ्यांना निसर्गद्रोही म्हणायचे.

आणि तिसरे, सोसायट्यांचे पदाधिकारी. पुणे महापालिकेने गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजलसंधारण यांसाठी मिळकतकरात सूट दिली. एका प्रकल्पाला पाच टक्के, त्याहून जास्त असतील तर दहा. चांगली योजना. पण आमच्या भागातल्या कित्येक इमारतींत गांडुळांचे खड्डे बांधले गेले ते तपासणीपुरते. नंतर त्यांत फुटक्या फरश्या आणि गणपतीच्या मखराचे थर्माकोल. ज्या एकदोन ठिकाणी खड्डा खरोखर चालू होता, तिथे राखाडी, चपट्या अळ्या दिसल्याबरोबर बैठक बोलावली गेली. त्या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या. त्या चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, ओलं खरकटं कोणत्याही गांडुळापेक्षा वेगाने फस्त करतात. पण "लहान मुलं आहेत हो इमारतीत" या वाक्यापुढे कीटकशास्त्र चालत नाही. औषध फवारलं गेलं, अळ्या मेल्या, गांडुळंही मेली, आणि करातली सूट तेवढी जिवंत राहिली.

ते दशक कधी ओसरलं, याची तारीख सांगता येत नाही. स्कूटरवाले थकले. बंगले पडून इमारती झाल्या, पाचोळा पडायला जागा उरली नाही. पडला तर काँक्रीटवर. त्याच सुमारास विटेच्या आकाराचे कोकोपीटचे ठोकळे सगळीकडे दिसू लागले. पाच किलोंचा ठोकळा भिजवला की सत्तरएक लिटर होतो, उचलायला हलका, वास नाही, अळ्या नाहीत. बिया रुजवायला त्याच्यासारखं काही नाही, हे मी कुणालाही सांगेन. पण त्यात झाडाचं पोट भरेल असं जवळजवळ काहीच नाही. नीट न धुतलेल्या मालात मीठ आणि पालाश जास्त असतं. रोपांच्या पानांच्या कडा करपतात, आणि लोक पाणी कमी पडलं समजून आणखी ओततात. वजनाच्या आठपट पाणी धरणारी ही चीज आपल्या पावसाळ्यात वरून कोरडी आणि आतून चिखल असते. शिवाय ठोकळे येतात ते बरेचसे पोल्लाचीकडून, आणि आपल्या कोकणात नारळाची सोडणं आंघोळीच्या पाण्याखाली जळतात.

२०२० च्या टाळेबंदीने उरलंसुरलं उरकलं. घरात कोंडलेल्या माणसांना हिरवं काहीतरी हवं होतं आणि ते दारात पोचवणारे तयारच होते. शेणाच्या गोवऱ्यासुद्धा प्लॅस्टिकच्या वेष्टनात आल्या. 'ऑरगॅनिक पॉटिंग मिक्स' या नावाच्या पिशवीत काय आहे, हे विकणाऱ्याला विचारलं तर "सगळं आहे मॅडम, नुसतं भरा आणि लावा." मी अशी एक पिशवी कागदावर पालथी केली: बहुतांश कोकोपीट, मूठभर पांढरं परलाइट, आणि गांडूळखत म्हणून जे होतं ते पाण्यात टाकल्यावर काळी माती निघाली. खत नियंत्रण आदेशात २००६ पासून गांडूळखताला आणि शहरी कंपोस्टला निकष आहेत. शहरी कंपोस्टमध्ये कर्ब-नत्र प्रमाण विसाच्या आत हवं, किमान बारा टक्के सेंद्रिय कर्ब हवा. त्या पिशवीवर यातलं अक्षर छापलेलं नव्हतं. तुळशीचं चित्र मात्र झकास होतं.

इकडे पाचोळा काही पडायचा थांबलेला नाही. घनकचऱ्याच्या २००० सालच्या नियमांतच वाळकी पानं जाळू नयेत असं लिहिलं होतं. २०१६ च्या नियमांनी जाळण्याची मनाई पुन्हा सांगितली आणि बागेतला कचरा वेगळा ठेवा असंही बजावलं. तरी मार्चमध्ये सकाळी आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर धूर असतोच. 'ब्राऊन लीफ'सारखे पुण्यातले लोक २०१६ पासून पानं असणारा आणि पानं हवी असणारा यांची गाठ घालून देतात. त्यांचं मला कौतुक आहे. पण ज्या सोसायटीचा पाचोळा ट्रकमधून जातो आणि तिच्याच लिफ्टमधून कोकोपीटच्या पिशव्या वर येतात, तिथे कौतुक पुरत नाही. मी हे आमच्या चिटणीसांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "ताई, पिशवीला बिल मिळतं. पानांना कोण बिल देणार?"

माझं माप विचारत असाल तर सांगते. दोन भाग पुरता कुजलेला पाचोळा, एक भाग पोयटा किंवा लाल माती, एक भाग भरड काहीतरी: भाताचं तूस, जुनी चिपाडं किंवा धुतलेलं कोकोपीट. बारा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. निवडुंगाला पाचोळा निम्मा आणि वाळू जास्त, पालेभाजीला उलट. पावसाळ्यानंतर माल खचला की वरून भर घालायची, कुंडी उपसायची नाही. याहून गहन त्यात काही नाही, आणि यातलं कोकोपीट सोडलं तर सगळं पाच किलोमीटरच्या आत मिळतं.

पिशवी घ्यायचीच असेल तर दुकानात तीन गोष्टी विचारा: आत काय काय आहे आणि किती भाग, कोकोपीट धुतलेलं आहे का, खत कशाचं आणि कधीचं. उत्तर आलं नाही तर पिशवी परत ठेवा. आणि येत्या फेब्रुवारीत पानं गळू लागली की रस्ता झाडणाऱ्या मावशींना आदल्या दिवशीच सांगून ठेवा. दुसऱ्या दिवशी उशीर झालेला असतो.