रोमनखाली झाकलेली मराठी

वडिलांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी संगणकावर लिहून ठेवलेले आत्मवृत्त मुलगा आज उघडतो, तो पडद्यावर रोमन अक्षरे नि चिन्हे यांचा नुसता चिवडा! लेखन नासले, असे त्याला वाटते. वस्तुतः ते बहुधा शाबूत असते. संगणक अक्षर साठवीत नाही, अंक साठवितो. त्या काळच्या अनेक मराठी फाँटांनी रोमन अक्षरांचेच अंक घेऊन त्यांवर देवनागरी आकृती चढविल्या होत्या. तो फाँट नव्या यंत्रावर नसला की पांघरूण सरकते आणि रोमन उघडे पडते.

अशा वेळी फाईलची प्रत करावी व प्रतीवरच हात चालवावा. मजकुरास कोणता फाँट लावला आहे ते पाहून तो मिळवावा, किंवा त्याच फाँटासाठी केलेल्या परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये आणावा. मूळ फाईल साध्या मजकुराच्या रूपात मात्र कदापि साठवू नये. फाँटाचे नावच पुसले जाते, आणि मग मराठी कोठे संपते व इंग्रजी कोठे सुरू होते, हे सांगणारी खूण उरत नाही.

१९९१ साली युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्वतःचे अंक मिळाले. तरी मराठीची एक अडचण राहिलीच. 'कऱ्हाड' मधला अर्धा र दोन निराळ्या अंकमालिकांनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच. शोध घेणारे यंत्र मात्र पुष्कळदा त्यांत भेद करते. वडिलांचे गाव आत्मवृत्तात सापडेना, तर नुसते 'हाड' शोधावे. मध्ये एखादा पहाड आडवा येईल, इतकेच.