हाताची तक्रार, मानेंत कारण

घरांतील वडील मंडळींपैकीं कोणाच्या हातून पेला निसटला, सदऱ्याची गुंडी लावावयास वेळ लागूं लागला किंवा जिना उतरतांना पाय अडखळला, तर 'आतां वय झालें' एवढें म्हणून आपण स्वस्थ बसतों. पुष्कळदां तें खरेंही असतें. परंतु कांहीं प्रसंगीं या तक्रारींचें मूळ हातांत नसतें, पायांत नसतें व वयांतही नसतें. तें मानेंत असतें. ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस कळावी म्हणून हा लेख लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमचे एक वयोवृद्ध सहशिक्षक होते. त्यांचें फळ्यावरील अक्षर मोत्यांसारखें असे. साठी जवळ आली तेव्हां त्यांच्या बोटांस मुंग्या येऊं लागल्या, अक्षर वांकडें झालें व खडू हातांतून पडूं लागला. मनगटाची शीर दबली असावी, असें एकानें सांगितलें. मधुमेह असेल, असें दुसऱ्यानें. तिसऱ्यानें शक्तीचीं औषधें दिलीं. वर्ष असेंच गेलें. मग पाय जड झाले, चाल ताठर झाली व भिंतीचा आधार लागूं लागला. मान फारशी दुखत नसल्यामुळें तिच्याविषयीं ते बोलले नाहींत व कोणी विचारिलेंही नाहीं. अखेरीस एका डॉक्टरांनीं त्यांच्या गुडघ्याखालीं लहान हातोडी मारून पाहिली. पाय वाजवीपेक्षां जोरानें उडाला. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, तक्रार बोटांची आहे खरी, पण दोष मानेंत दिसतो."

हें कसें घडतें तें समजण्यास मानेची रचना पाहिली पाहिजे. मनुष्याच्या मानेंत ७ मणके असतात. जिराफाच्या लांब मानेंतही सातच. मणक्यांच्या मागील बाजूचीं कडीं एकावर एक येऊन जी नळी बनते, तिच्यांतून मेंदूपासून निघालेला मज्जारज्जु खालीं उतरतो. तो जेमतेम करंगळीएवढा जाड असतो. हात हालविण्याची आज्ञा याच वाटेनें जाते व पाऊल जमिनीस टेकल्याची वर्दी याच वाटेनें वर येते. मानेंतून मज्जातंतूंच्या ८ जोड्या बाजूंस फुटतात. त्यांतील खालच्या जोड्या हातांकडे वळतात. पायांचे तंतु मात्र मानेंत न थांबतां रज्जूंतूनच खालीं जातात. वेशीपाशीं रस्ता खचला म्हणजे पलीकडच्या सर्व वाड्यांची वाट अडते; त्याप्रमाणें मानेंत रज्जु दबला कीं हातांबरोबर पायही बिघडतात.

दुसऱ्या मणक्यापासून खालीं प्रत्येक दोन मणक्यांमध्यें एक गादी असते. वयोमानानें ती सुकते, चपटी होते, कधीं मागें सरकते. मणक्यांच्या कडांस हाडाचे कोंभ फुटतात, आंतील बंध जाड होतात व नळी अरुंद होत जाते. कित्येकांची नळी जन्मतःच अरुंद असते. त्यांस हा त्रास लवकर होतो. इ. स. १९५२ मध्यें इंग्लंडांतील डॉक्टर रसेल ब्रेन व त्यांचे सहकारी यांनीं या विकाराचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. केवळ बाजूचा तंतु दबला तर मानेपासून एका हातांत तीव्र कळ जाते. पण ती बहुतेकांची विश्रांतीनें व औषधानें कांहीं आठवड्यांत ओसरते. रज्जु दबला तर वेदना थोडी आणि हानि मोठी, असें होऊं शकतें. म्हणून दुखत नाहीं यावरून भय नाहीं, असें समजूं नये.

मग पाहावें तें काय? दोन्ही हातांस बधिरपणा, गुंड्या लावणें व लिहिणें यांत अडचण, अंधारांत तोल जाणें, पाय ताठणें, मान पुढें वांकवितांच पाठींतून विजेसारखी लहर उतरणें, हीं मुख्य लक्षणें होत. निरोगी प्रौढ मनुष्य १० सेकंदांत सुमारें २० वेळां मूठ मिटून उघडूं शकतो. रज्जु दबलेल्याची गति पुष्कळदां मंदावते. तथापि एवढ्यावरून घरींच निदान करूं नये. ब-१२ जीवनसत्त्वाच्या उणिवेनें व मज्जासंस्थेच्या अन्य रोगांनींही असेंच होतें. मणक्यांस क्षयरोग होऊनही पाय लुळे पडतात; लंडनच्या पर्सिव्हल पॉट यांनीं त्याचें वर्णन इ. स. १७७९ मध्येंच केलें होतें.

क्ष-किरणांच्या चित्रांत हाडें दिसतात, पण रज्जु दिसत नाहीं. तो एम्. आर्. आय्. च्या चित्रांत दिसतो. या शोधाबद्दल लॉटरबर व मॅन्सफील्ड यांस इ. स. २००३ चें नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु ज्यांस कांहींच तक्रार नाहीं अशा वृद्धांच्या चित्रांतही गाद्या झिजलेल्या दिसतात. म्हणून चित्र आणि रोग्याची तपासणी यांचा मेळ घालणें हें डॉक्टरांचें काम होय.

आपलें काम निराळें आहे. कोणती तक्रार कोणत्या महिन्यांत सुरू झाली, पूर्वीं येणारें कोणतें काम आतां येत नाहीं, हें एका कागदावर क्रमानें लिहून न्यावें. लहानशी दिसणारी गोष्टही वगळूं नये. एका औषधानें गुण न येतां तक्रार वाढत गेली तर 'याचें कारण काय?' असें नम्रतेनें पण पुन्हां विचारावें, आणि मज्जासंस्थेच्या तज्ज्ञांकडे जावें. न्हाव्याकडून मान मोडून घेणें किंवा कोणाकडून झटका देवविणें अशा वेळीं घातक ठरूं शकतें. लघवीवरील ताबा सुटला, हातापायांतील शक्ति झपाट्यानें गेली किंवा पडल्यानंतर हातपाय लुळे वाटले, तर रोग्यास त्याच दिवशीं रुग्णालयांत न्यावें.

विकार सौम्य असल्यास डॉक्टर कांहीं काळ लक्ष ठेवितात; तो वाढत असल्यास शस्त्रक्रियेनें रज्जूवरील दाब काढितात. तिचा मुख्य हेतु पुढील नुकसान थांबविणें हा असतो. कांहीं शक्ति परत येते. पण फार दिवस दबलेल्या रज्जूची गेलेली सर्व शक्ति परत येईलच, असें नाहीं.

आमच्या सहशिक्षकांवर शस्त्रक्रिया झाली. ते पुन्हां भिंतीवांचून चालूं लागले. त्यांचें मोत्यांसारखें अक्षर मात्र परत आलें नाहीं. तें प्रथम बिघडलें तेव्हां वर्गांत हंशा पिकला होता, आणि शेजारच्या वर्गांत असूनही आम्हीं त्याचें कारण शोधिलें नाहीं. विद्यार्थ्यांनो, तुमचे डोळे तीक्ष्ण आहेत. आजोबांची गुंडी चुकली किंवा आजीचें पाऊल अडखळलें तर हंसूं नका. केव्हांपासून असें होतें तें विचारा, आणि त्याच संध्याकाळीं घरांतील मोठ्या माणसांस सांगा.