उपवासकाळाची पूर्वतयारी

उपवासकाळाची पूर्वतयारी म्हणजे राखेच्या बुधवारापूर्वीच्या आठवड्यांत कॅथलिक धर्मग्रामाने उपासना, पापनिवेदन, उपवास आणि दानधर्म यांसाठी सामूहिकपणे केलेली सिद्धता होय. उपवासकाळाला प्रायश्चित्तकाळ असेही म्हणतात. येशू ख्रिस्ताने अरण्यात केलेल्या चाळीस दिवसांच्या उपवासाच्या स्मरणार्थ हा काळ पाळला जातो आणि ईस्टरच्या सणासाठी श्रद्धावंतांची मने तयार करणे हा त्याचा हेतू असतो. लॅटिन विधीच्या चर्चमध्ये या काळाआधीचा स्वतंत्र उपासनाकाळ आता अस्तित्वात नाही. त्यामुळे पूर्वतयारीचे स्वरूप बहुतांशी प्रत्येक धर्मग्रामावर अवलंबून असते.

तारखेची गणना

ईस्टर हा वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतर येणाऱ्या रविवारी साजरा होतो. राखेचा बुधवार त्याच्या ४६ दिवस आधी येतो. यातील सहा रविवार उपवासाचे मानले जात नसल्याने उपवासाचे दिवस चाळीस होतात. या गणनेनुसार राखेचा बुधवार ४ फेब्रुवारी ते १० मार्च या दरम्यान कोणत्याही तारखेस येऊ शकतो. २०२४ साली तो १४ फेब्रुवारीस, तर २०२५ साली ५ मार्चला होता. तो लवकर आल्यास नाताळचा काळ संपल्यानंतर तयारीसाठी धर्मग्रामाच्या हाती मोजकेच आठवडे उरतात.

इतिहास

पूर्वी लॅटिन विधीत राखेच्या बुधवारापूर्वी सुमारे अडीच आठवड्यांचा पूर्वकाळ पाळला जाई. त्यातील तीन रविवारांना लॅटिनमध्ये अनुक्रमे सत्तरावा, साठावा व पन्नासावा अशा अर्थाची नावे होती. पहिल्या रविवारपासूनच जांभळी उपासनावस्त्रे वापरली जात आणि आलेलुयाचे गायन थांबे. पोप सहावे पॉल यांनी १९६९ साली मान्यता दिलेल्या आणि १९७०पासून लागू झालेल्या उपासना-दिनदर्शिकेत हा पूर्वकाळ वगळण्यात आला.

उपवासाच्या नियमांतही याच सुमारास मोठा बदल झाला. १९१७च्या धर्मसंहितेनुसार रविवार वगळता या काळातील सर्व दिवस उपवासाचे होते. सहाव्या पॉल यांनी १७ फेब्रुवारी १९६६ रोजी काढलेल्या ‘पेनितेमिनी’ या आदेशाने बंधनकारक उपवास राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार या दोन दिवसांपुरता मर्यादित केला. प्रायश्चित्ताचे महत्त्व कमी करणे हा त्यामागील हेतू नव्हता. प्रार्थना, परोपकार व स्वेच्छेने पत्करलेला त्याग यांना अधिक वाव मिळावा, अशी अपेक्षा होती. त्याआधी, १९६३ साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविषयक संविधानात या काळाचे प्रायश्चित्त केवळ आंतरिक व वैयक्तिक न राहता बाह्य व सामाजिकही असावे, असे म्हटले होते. पूर्वकाळ संपुष्टात आला आणि कायद्याचा भारही हलका झाला. परिणामी, हा काळ दोन दिवसांच्या उपवासापुरता उरतो की साऱ्या समूहाचा होतो, हे पुष्कळ अंशी धर्मग्रामाच्या तयारीवर ठरू लागले.

धर्मग्रामातील कामे

राख

कपाळावर लावली जाणारी राख मागील वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्यांपासून तयार करतात. वर्षभर घरातील क्रूसामागे किंवा वेदीवर जपून ठेवलेल्या या झावळ्या परत आणण्याचे आवाहन आधीच्या रविवारी केले जाते. आशीर्वादित वस्तू कचऱ्यात टाकू नये, असा संकेत असल्याने या प्रथेमुळे त्यांची योग्य विल्हेवाटही लागते. झावळ्या पूर्ण कोरड्या असाव्या लागतात. जाळल्यानंतर राख थंड करून बारीक चाळणीने गाळतात. वनस्पतींची राख पाण्यात कालवल्यास अल्कली द्राव तयार होऊन त्वचेला इजा होण्याची शक्यता असते. म्हणून ती कोरडी वापरणे किंवा त्यात थोडे तेल मिसळणे सुरक्षित समजले जाते. राख लावणे हा सात संस्कारांपैकी एक नाही. त्यामुळे धर्मगुरूंच्या मदतीला प्रापंचिक सेवकही नेमता येतात.

उपासना

उपवासकाळात जांभळी वस्त्रे वापरली जातात. आलेलुया गायले जात नाही आणि रविवारच्या मिस्सात गौरवगीतही वगळले जाते. वेदीवर फुलांची सजावट करत नाहीत व वाद्ये केवळ गायनाला साथ देण्यापुरती वाजवतात. चौथा रविवार याला अपवाद आहे. गायनवृंदाला त्यानुसार वेगळ्या गीतांचा सराव करावा लागतो. वाचकांची निवड, शुक्रवारच्या क्रूसाच्या वाटेसाठी गटांची वाटणी आणि चौदा स्थानांवरील चिंतनाची तयारी ही कामेही याच वेळी होतात.

पापनिवेदन आणि बाप्तिस्मा

वर्षातून किमान एकदा गंभीर पापांचे निवेदन करणे आणि शक्यतो ईस्टरकाळात ख्रिस्तप्रसाद घेणे हे कॅथलिकांचे कर्तव्य आहे. पापनिवेदनासाठी होणारी गर्दी लक्षात घेऊन शेजारील धर्मग्रामांचे धर्मगुरू परस्परांच्या मदतीला जातील, अशा रीतीने वेळापत्रक आखले जाते. ज्या धर्मग्रामात बाप्तिस्मा घेऊ इच्छिणारे प्रौढ असतात, तेथे उपवासकाळाच्या पहिल्या रविवारच्या निवडविधीपूर्वी त्यांची सिद्धता पाहिली जाते. ईस्टरच्या जागरणविधीत बाप्तिस्मा घेणाऱ्या या दीक्षार्थींसाठी हा काळ अंतिम तयारीचा असतो.

उपवास आणि दानधर्म

सध्याच्या धर्मसंहितेनुसार १८ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीपासून साठावे वर्ष सुरू होईपर्यंत उपवास, तर १४ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीपासून पुढे मांसवर्ज्य बंधनकारक आहे. उपवासाच्या दिवशी एक पूर्ण भोजन आणि दोन अल्पाहार घेता येतात. मांसवर्ज्याच्या नियमात मासे येत नाहीत. किनारपट्टीवर त्यामुळे एक विसंगती दिसते: मटण टाळून महागडे पापलेट खाणारा नियम पाळतो, पण त्याच्या ताटातून काहीच कमी होत नाही. यासाठीच धर्मशिक्षणवर्गांत आणि प्रवचनांत त्याग व दान यांची सांगड घालण्यावर भर असतो. टाळलेल्या खर्चाची रक्कम पेटीत साठवून गरजूंना देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. राष्ट्रीय पातळीवर १९६२ साली स्थापन झालेली ‘कॅरिटास इंडिया’ ही संस्था या काळात भूक व रोगराईविरुद्ध निधी-मोहीम चालवते. पेट्या व माहितीपत्रके वेळेवर घरोघरी पोहोचली नाहीत, तर दानाचा संकल्प शेवटच्या आठवड्यातील घाईच्या वर्गणीपुरता उरतो.

प्रादेशिक प्रथा

वसई धर्मप्रांत १९९८ साली मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा झाला. तेथील धर्मग्रामांत मराठी ही उपासनेची प्रमुख भाषा असून प्रवचने व क्रूसाची वाट मराठीत होतात. उपवासकाळात लग्ने टाळण्याच्या रूढीमुळे आधीच्या महिन्यात लग्नांची दाटी होते. वर्षारंभी तारखा ठरवताना धर्मगुरूंना ही बाब ध्यानात घ्यावी लागते.

गोव्यात राखेच्या बुधवारापूर्वीचे दिवस ‘इंत्रुज’ अर्थात कार्निव्हलचे असतात. शनिवारी सुरू झालेला हा उत्सव मंगळवारी संपतो. जुन्या रूढीत निषिद्ध ठरणाऱ्या खाद्यपदार्थांचा आणि मौजमजेचा निरोप घेण्याचा अर्थ त्यात होता.

पौर्वात्य विधींच्या चर्चमध्ये पूर्वतयारीचे प्राचीन टप्पे टिकून आहेत. सिरो-मलबार चर्चमध्ये मोठ्या उपवासाच्या सुमारे तीन आठवडे आधी निनवेच्या लोकांच्या पश्चात्तापाचे स्मरण करणारा तीन दिवसांचा उपवास असतो. मोठ्या उपवासाचा आरंभ बुधवारी न होता सोमवारी होतो. १९८८ साली स्थापन झालेल्या कल्याण धर्मप्रांतातील सिरो-मलबार धर्मग्राम ही परंपरा पाळतात. त्यामुळे मुंबई परिसरात शेजारी राहणाऱ्या दोन कॅथलिक कुटुंबांचा उपवासकाळ दोन दिवसांच्या अंतराने सुरू होऊ शकतो.