वाडा विकत घेताना

"काका, आम्ही घर घेतोय. नारायण पेठेत. जुना वाडा आहे!"

पुतण्याने ही बातमी सांगितली तेव्हा चहाचा कप माझ्या हातातच राहिला. ज्या वाड्यातून बाहेर पडण्यासाठी आमच्या पिढीने पै पै साठवली, त्याच वाड्यात ही नवी मंडळी आयुष्याची कमाई ओतून परत जाऊ पाहतात! आम्ही १९७८ साली नारायण पेठ सोडली आणि कोथरूडला फ्लॅटमध्ये गेलो. तिथे आईला सर्वांत मोठे कौतुक वाटले ते एकाच गोष्टीचे. सकाळी संडासापुढे रांग नव्हती.

"अरे, वाड्यावरचे लेख वाचून घर घेऊ नकोस," मी म्हणालो. "लिहिणारे रांगेत उभे राहिलेले नसतात."

"म्हणून तर तुम्हाला घेऊन जायला आलोय," तो म्हणाला.

गेलो. दिंडी दरवाज्यातून वाकून आत शिरलो. चौकात पाऊल ठेवले आणि मे महिन्यातल्या दुपारी एकदम गार वाटले. हे काही जादूचे काम नव्हे. चौकातली तापलेली हवा वर निघून जाते, जाड भिंती ऊन आत येऊ देत नाहीत, आणि ओसरी सावलीत राहते. पंख्याशिवाय आमचे उन्हाळे गेले ते याच्याच जिवावर.

वाड्याचा हिशेब खणांचा. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. घर मोजायचे ते खणांत. खाली काळ्या दगडाचे जोते, वर सागवानी खांब, खांबांवर तुळया आणि त्यांवर कडीपाट. भार मुख्यतः या लाकडी सांगाड्यावर. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि मुठेचे पाणी पेठांत शिरले, तेव्हा आमच्या वाड्याची मागची मातीची भिंत ढेकळासारखी विरघळली. सांगाडा मात्र उभा राहिला. अनेकांचे नशीब तेवढे बलवत्तर नव्हते. नदीकाठचे कित्येक वाडे त्या दिवशी बसले. ही कारागिरी ऐश्वर्यात कशी दिसत होती हे ज्याला पाहायचे असेल, त्याने दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबाग वाड्यासमोर जरा थांबावे. ते सुरूदार खांब आणि ती कोरलेली केळफुले पाहिली की मान आपोआप वर होते.

मग असे भक्कम वाडे मोडकळीला का आले? दोष लाकडाचा नव्हे, व्यवहाराचा. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला आसरा दिला, ते योग्यच झाले. पण भाडी जिथल्या तिथे गोठली. आम्ही नऊ रुपये देत होतो आणि सोडतानाही नऊच देत होतो. तेवढ्यात मालकाने कौले कशाने शाकारायची? आणि घर आपले नाही, म्हणून आम्ही तरी तुळईला हात का लावावा? २००० साली नवा कायदा लागू झाला, त्याने दरवर्षी चार टक्के भाडेवाढ दिली. नऊ रुपयांवर चार टक्के म्हणजे छत्तीस पैसे! मालक राहत नव्हता आणि राहणारा मालक नव्हता. या दोघांच्या मध्ये वाडा गळत राहिला.

जे वाचक अशा खरेदीच्या विचारात असतील, त्यांना चार गोष्टी सांगतो. तुळई मधोमध ठोकून पाहू नका. ती भिंतीत शिरते तिथे पाहा, ओल आणि वाळवी तिथेच लपते. चुन्याच्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देऊ नका. ओल आत कोंडते आणि लाकूड कुजते. घर महापालिकेच्या वारसा-यादीत आहे का ते आधी विचारा, कारण असेल तर दर्शनी भाग बदलण्यापूर्वी परवानगी लागते. आणि नक्षी पाहण्याआधी सिटी सर्व्हेचा उतारा पाहा. खांब कमी आणि वारस जास्त, अशी पुष्कळ वाड्यांची स्थिती आहे.

या वाड्याचे वारस अकरा होते. भाडेकरू केव्हाच हिशेब करून गेलेले. दहा जणांनी होकार दिला; अकराव्या आजीबाई अडून बसल्या. एका बिल्डरने त्यांना जास्त रक्कम देऊ केली होती. पाडून सात मजले उठवायचे, वर इमारतीला नाव 'वाडा' द्यायचे आणि जुना दिंडी दरवाजा लिफ्टशेजारी शोभेला लावायचा, असा बेत होता.

आम्ही आजीबाईंकडे गेलो. पुतण्याने आकडा सांगितला. तो कमी होता आणि ते त्याने लपवले नाही. आजीबाई बराच वेळ गप्प होत्या.

"घेऊन कुलूप लावून ठेवणार, की हॉटेल काढणार?" त्यांनी विचारले.

"राहणार, आजी. आम्ही दोघं, मुलगी आणि आई."

"स्वयंपाक तिथेच करणार?"

"तिथेच."

"मग आण कागद," त्या म्हणाल्या. "त्या घरात माझ्या सासूबाईंनी चाळीस वर्षं चूल सारवली. पाडायला द्यायचा जीव होत नाही रे."

जुन्या पेठेचे आकर्षण म्हणतात ते नुसत्या कोरीव खांबांत असते, असे आता मला वाटत नाही. कित्येक वर्षांनी त्या वाड्याला राहणारा मालक मिळाला आहे. पहिल्या महिन्यात त्याने काय केले असेल? खांबांना रंग नाही, नावाची पाटी नाही. आधी कौले शाकारली आणि दोन न्हाणीघरे, दोन संडास बांधले. पोरगा काकाचे ऐकतो म्हणायचा!

यंदाची दिवाळी तिथेच. चौकाभोवतीच्या भिंतींत दिवळ्या आहेत, बऱ्याच वर्षांत त्यांत पणती लागलेली नाही. नातीने मोजून ठेवल्या आहेत, एकवीस. तेलाची बाटली मी नेणार आहे.